शेतकऱ्याची ताकद ५, फ्रीझाची ५,३०,००० : ॲनिमेवरच्या फायटिंग गेममध्ये ‘आरपीजी’ कशी मिसळतात?

‘ड्रॅगन बॉल झेड’च्या अगदी सुरुवातीला एक प्रसंग आहे. अंतराळातून एक गोल यान येऊन शेतात आदळतं. आतून राडिट्झ नावाचा लांब केसांचा योद्धा बाहेर पडतो. समोर हातात बंदूक घेतलेला, घाबरलेला शेतकरी उभा असतो. राडिट्झच्या एका डोळ्यावर काचेचं यंत्र असतं, त्याला म्हणतात स्काउटर. तो शेतकऱ्याकडे बघतो आणि काचेवर आकडा उमटतो : ५.

बुलढाणा जिल्ह्यात भर उन्हात पाठीवर पंप लावून कपाशी फवारणाऱ्या कुठल्याही माणसाला हा आकडा मान्य होणार नाही. पण ते असो. मुद्दा असा की माणसाची ताकद आकड्यात मोजायची कल्पना या मालिकेत गेम यायच्या आधीपासूनच होती. पुढे वेजिटा पृथ्वीवर येतो तेव्हा त्याची ताकद १८,००० असते आणि फ्रीझा स्वतःच्या तोंडाने ५,३०,००० सांगतो. ही मालिका बघताना आपण नकळत गेमचाच स्क्रीन बघत असतो.

२०२२ साली ‘ड्रॅगन बॉल सुपर’ कार्टून नेटवर्कवर आणि ‘नारुटो’ सोनी येवर हिंदीत आलं. तेव्हापासून या मालिकांवरचे गेम शोधणारी पोरं गावोगाव वाढली आहेत. गेम शोधला की जाहिरातीत एक वाक्य हमखास दिसतं, की यात नुसती मारामारी नाही, आरपीजीची खोली आहे. ही खोली म्हणजे नेमकं काय? आणि लेव्हल १ ची लेव्हल ८० झाली म्हणजे गेम खोल झाला का?

दोन खेळ, दोन स्वभाव

फायटिंग गेम म्हणजे टेकन किंवा स्ट्रीट फायटर. समोरासमोर दोन जण, वर दोन पट्ट्या, ज्याची पट्टी आधी संपेल तो हरला. यात एक गोष्ट पवित्र मानली जाते. मी घेतलेलं पात्र आणि तुम्ही घेतलेलं तेच पात्र अगदी सारखं असतं. मी दहा वर्षं खेळतोय म्हणून माझ्या पात्राचा ठोसा जास्त लागत नाही. जास्त असतो तो माझा सराव.

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. इथे तुम्ही एक पात्र घेऊन त्याला वाढवता. लढाई जिंकली की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की ताकद वाढते. वाटेत गावं लागतात, माणसं भेटतात, कामं मिळतात, कपडे आणि हत्यारं मिळतात. काल ज्या राक्षसाने तुम्हाला दोन फटक्यांत लोळवलं त्याला आज तुम्ही एका फटक्यात लोळवता. तुमचा हात तितकाच कच्चा असेल, पण पात्र मोठं झालेलं असतं.

आखाड्याच्या भाषेत सांगायचं तर जोर-बैठका, खुराक आणि रोजची मेहनत ही आरपीजी. मातीतले डाव-प्रतिडाव म्हणजे फायटिंग गेम. पैलवानाला दोन्ही लागतं. पण जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत पंच जोड लावतात ती तोलामोलाची. नव्वद किलोच्या गड्यासमोर पन्नास किलोचं पोरगं उभं केलं तर निकाल आधीच लागलेला असतो, मग डाव कोण बघणार? फायटिंग गेममध्ये आरपीजी मिसळताना नेमकी हीच अडचण येते. घरी केलेली मेहनत दिसायला तर हवी, पण जोड तोलाची राहायला हवी.

एकच चित्रकार, दोन्ही घरचा

हे मिश्रण सगळ्यात जास्त वेळा ड्रॅगन बॉलवरच का करून पाहिलं गेलं, याचं एक कारण फार गमतीचं आहे. ड्रॅगन बॉलचे चित्रकार अकिरा तोरियामा. त्यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८४ साली ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली. दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाचा गेम आला. जपानी आरपीजी म्हणून आपण जे ओळखतो त्याचा साचा या गेमने पाडला. त्यातली पात्रं आणि राक्षस तोरियामांनीच काढलेत. निळ्या थेंबासारखा दिसणारा, हसऱ्या चेहऱ्याचा ‘स्लाइम’ त्यांचाच. गेम रचणारे युजी होरी त्याच जंपमध्ये लिहायचे, आणि दोघांची गाठ पडली ती जंपच्या संपादकांमुळे. म्हणजे जपानची सगळ्यात गाजलेली मारामारीची कथा आणि सगळ्यात गाजलेली आरपीजी, दोन्हींची चित्रं एकाच हातची. तोरियामा मार्च २०२४ मध्ये गेले.

दुसरी गंमत. आपल्याला वाटतं की ड्रॅगन बॉलचे गेम आधी मारामारीचे होते आणि मग त्यात आरपीजी घातली गेली. घडलं उलटं. १९९० साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आलेला पहिला झेड गेम पत्त्यांवर चालणारी आरपीजी होता. हातात पत्ते यायचे, पत्त्यावर हल्ला आणि बचाव यांचे आकडे असायचे, पत्ता टाकला की पडद्यावर गोकू ठोसा मारायचा. १९९२ चा ‘सुपर सैया देन्सेत्सु’सुद्धा आरपीजीच. दरम्यान १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ने जगभरच्या पार्लरमध्ये धुमाकूळ घातला आणि १९९३ मध्ये ‘सुपर बुतोदेन’ हा ड्रॅगन बॉलचा समोरासमोरचा फायटिंग गेम आला. दोन योद्धे उडत एकमेकांपासून लांब गेले की त्यात पडदा मधोमध दुभंगायचा. ही युक्ती त्या काळात भारीच होती.

त्यामुळे आज एखादी कंपनी फायटिंग गेममध्ये आरपीजी आणल्याचं सांगते तेव्हा ती खरं तर जुनी भाडेकरू परत घरात घेत असते.

आकडे वाढणं वेगळं, पर्याय वाढणं वेगळं

२००२ चा ‘बुदोकाई’ प्लेस्टेशन २ वर आला. त्यात कौशल्यं कॅप्सूलच्या रूपात मिळायची. पात्राकडे ठरावीक खाचा, त्यात कुठल्या कॅप्सूल बसवायच्या ते तुम्ही ठरवायचं. सगळे हल्ले एकाच वेळी घेता येत नाहीत, म्हणून काहीतरी सोडावं लागतं. २००४ च्या ‘बुदोकाई ३’ने पुढची पायरी गाठली. त्यातल्या कथेच्या प्रकारात तुम्ही नकाशावर उडत फिरता, लढता, अनुभव मिळवता आणि लेव्हल वाढली की मिळालेले गुण तब्येत, हल्ला, बचाव अशा खात्यांत वाटता.

वरवर बघता दोन्ही आरपीजीच. पण त्यांचा परिणाम सारखा नाही. लेव्हल वाढून ठोसा १०० च्या जागी १२० लागायला लागला, तर तुमच्या खेळण्यात काय बदललं? काहीच नाही. तेच बटण, तोच ठोसा, समोरचा जरा लवकर पडतो इतकंच. पण खाच एकच आहे आणि तीत लांबून मारायचा हल्ला बसवायचा की जवळून पकडायचा, हे ठरवायचं असेल, तर तुमचा सगळा पवित्रा बदलतो. पहिल्या प्रकारात आकडे वाढतात, दुसऱ्यात पर्याय. माझ्या मते खोली फक्त दुसऱ्या प्रकारातून येते. पहिला प्रकार वाईट नाही, वाढ झाल्याचा आनंद त्यातही मिळतो, पण जाहिरातीत त्याला खोली म्हणतात ते मला पटत नाही.

गंमत म्हणजे हे मूळ कथेलाही कळलेलं होतं. गोकू आणि त्याचे सवंगडी आपली ताकद दडवायला शिकतात. स्काउटरवर आकडा छोटा दिसतो, शत्रू बेसावध राहतो आणि ऐन वेळी आकडा उसळी मारतो. यंत्रावर विश्वास ठेवणारे मार खातात. फ्रीझाचं पर्व संपल्यावर तर स्काउटर कथेतून जवळपास हद्दपारच झाला. आकड्यांचा खेळ मांडून शेवटी त्या आकड्यांनाच खोटं पाडणारी ही कथा आहे, आणि तिच्यावर गेम करताना बरेच जण नेमकं हेच विसरतात.

झेनोव्हर्स : गोकू नव्हे, तुम्ही स्वतः

या विषयावर बोलताना ज्या गेमपाशी थांबावंच लागतं तो म्हणजे फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेला ‘ड्रॅगन बॉल झेनोव्हर्स’ आणि ऑक्टोबर २०१६ चा त्याचा दुसरा भाग. करणारे डिम्प्स, म्हणजे बुदोकाईवालेच.

तोवर प्रत्येक गेममध्ये तीच कथा असायची. राडिट्झ येणार, वेजिटा येणार, फ्रीझा येणार. दहाव्यांदा तेच खेळायचा कंटाळा येतो. झेनोव्हर्सने त्यावर साधा उपाय काढला. तुम्ही गोकू नसताच. तुम्ही काळाची राखण करणारे एक नवे योद्धे असता. कुणीतरी भूतकाळात ढवळाढवळ केलेली असते, त्यामुळे ओळखीचे प्रसंग भलतीकडे जायला लागतात आणि तुम्ही मध्ये पडून ते सावरता. कथा तीच, पण तुमची जागा नवी.

पात्र बनवताना पाच वंशांतून एक निवडायचा : सैयान, पृथ्वीवासी, नामेकियन, माजिन किंवा फ्रीझाचा वंश. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. उंची आणि बांध्याचासुद्धा खेळण्यावर फरक पडतो. लेव्हल वाढली की गुण सहा खात्यांत वाटायचे : तब्येत, की म्हणजे अंगातली ऊर्जा, दम, साधे ठोसे, अंगाला भिडून करायचे मोठे हल्ले आणि लांबून सोडायचे ऊर्जेचे गोळे. सगळीकडे पुरेसे गुण नसतात. लांबून मारणाऱ्याचा जवळचा ठोसा कच्चा राहतो. सगळ्यांची लेव्हल कमाल मर्यादेला पोचली तरी दोन सैयान सारखे नसतात, कारण वाटणी वेगळी असते. इथे आकड्यांचेच पर्याय झालेत.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे गुरू. क्रिलिन, पिकोलो, वेजिटा अशा पात्रांकडे जाऊन त्यांचं शिष्यत्व पत्करता येतं आणि त्यांचे डाव शिकता येतात. ज्यांना लहानपणी टीव्हीवर बघितलं त्यांच्यापैकी कुणाच्या तालमीत जायचं हे तुम्ही ठरवता. वस्ताद बदलला की कुस्ती बदलते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

आता खोट. पहिल्या भागात कपड्यांना आकडे चिकटवलेले होते. एका सदऱ्याने ठोसा वाढायचा पण दम घटायचा, दुसऱ्या विजारीने उलट. परिणाम काय झाला? आकडे जुळवायच्या नादात लोकांचे योद्धे वरून एक, खालून भलतंच आणि डोळ्यावर तिसरंच काहीतरी लावून फिरायला लागले. ज्या गेमचा जीवच मुळी ‘माझा योद्धा माझ्या मनासारखा दिसावा’ हा, तिथे दिसणं आणि जिंकणं यांतून एक निवडायची वेळ आली. दुसऱ्या भागात यावर तोडगा निघाला. ‘क्यूक्यू बँग’ नावाची एक वस्तू, ती लावली की कपड्यांचे आकडे बाजूला राहतात आणि तिचेच धरले जातात. मग हवे ते कपडे घाला. नाव विचित्र आहे, उपाय एकदम रास्त. अर्थात ही वस्तूसुद्धा जुने कपडे एकत्र करून बनवावी लागते आणि चांगली निघेपर्यंत परत परत बनवत बसावं लागतं.

नशिबाचा हा खेळ झेनोव्हर्समध्ये सगळीकडेच आहे. हवा तो डाव एखाद्या कामगिरीच्या शेवटी बक्षीस म्हणून मिळतो, पण मिळेलच असं नाही. लपलेल्या अटी पुऱ्या करायच्या, लढाई जिंकायची, आणि तरी हात रिकामे. मग तीच लढाई पुन्हा. दहा वेळा, वीस वेळा. असल्या राबण्याला खेळाडू ‘ग्राइंड’ म्हणतात. आपला ‘घासणे’ हा शब्द त्याला चपखल बसतो. घासून वेळ जातो, पण हात सुधारत नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे पैशाचा विषय याच दारातून आत येतो.

दोन टोकं

जानेवारी २०१८ चा ‘ड्रॅगन बॉल फायटर्झ’ एका टोकाला. तीन विरुद्ध तीन, आणि समोरासमोरच्या लढतीत लेव्हल वगैरे काही नाही. कथेच्या भागात पात्रांची लेव्हल वाढते, पण बनावट प्रतिरूपांशी त्याच त्या लढाया करून जीव विटतो. लढत मात्र अस्सल. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ईव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत सोनिकफॉक्स या खेळाडूने त्यात विजेतेपद घेतलं. तिथे कुणाचा योद्धा किती लेव्हलचा, हा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या टोकाला जानेवारी २०२० चा ‘काकारॉट’. हा जवळपास पूर्ण आरपीजी आहे. गोकू मासे पकडतो, तेही खोटी शेपूट पाण्यात सोडून. चिची स्वयंपाक करते आणि ते जेवण खाल्लं की ताकद वाढते, काही ताकद तर कायमची. कथेत गोकूचा खादाडपणा पहिल्यापासून आहे, त्यामुळे जेवणातून बळ मिळणं खटकत नाही. पण लढाईत बटणं थोडी आणि तुमची लेव्हल कथेच्या पुढे गेली की समोरचा उभाच राहत नाही. मित्राला समोर बसवून रात्रभर लढत राहावं असा हा गेम नाही.

याच सायबरकनेक्ट टू कंपनीने २००८ पासून नारुटोची ‘अल्टिमेट निन्जा स्टॉर्म’ मालिका केली. पण नारुटोच्या गेममधलं मला आवडलेलं उदाहरण दुसऱ्याच कुणाचं आहे. २००७ साली युबिसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी ‘राइज ऑफ अ निन्जा’ केला. मूळ कथेत गाव नारुटोला झिडकारतं, ही त्याची खरी जखम. गेममध्ये सुरुवातीला गावकरी तोंड फिरवतात. तुम्ही कामं करत जाता, मदत करत जाता, तशी त्यांची वागणूक बदलते. इथे वाढतोय तो आकडा ताकदीचा नाही, लोकांच्या मनातल्या जागेचा आहे. मालिकेवरचा गेम असावा तर असा. नारुटोऐवजी दुसरा कुणी तिथे ठेवला तर ही रचना चालणारच नाही.

एका ठोशात संपवणाऱ्याचं काय करायचं?

काही मालिका फायटिंग गेमसाठी मुळातच अडचणीच्या असतात. ‘वन पंच मॅन’चा नायक सैतामा कुणालाही एका ठोशात संपवतो. मालिकेचा विनोदच तो आहे. आता त्यावर दोघांनी लढायचा गेम कसा करणार? सैतामाला कमजोर केलं तर चाहते चिडणार, तसाच ठेवला तर दुसरं पात्र कुणी घेणारच नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये स्पाइक चुनसॉफ्टने केलेल्या ‘अ हीरो नोबडी नोज’मधलं उत्तर मला या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात हुशार वाटतं. सैतामा अजिंक्यच ठेवला, पण तो उशिरा येतो. मालिकेतही तो नेहमी उशिराच पोचतो! तुमच्या बाजूला सैतामा घेतला तर घड्याळ सुरू होतं आणि तो येईपर्यंत बाकीच्या दोघांनी तग धरायचा. चांगले फटके मारले, नेमक्या वेळी बचाव केला तर तो लवकर पोचतो. समोरच्याला तो यायच्या आत तुम्हाला संपवायचं असतं. आकड्यांची अडचण वेळेच्या कोड्यात बदलली. आणि आरपीजीचा भाग? तुम्ही स्वतः एक अनोळखी नवखे हीरो असता, लहानसहान कामं करत हीरोंच्या क्रमवारीत वर चढता. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस दुसराच कुणीतरी आहे हे माहीत असताना आपण कशासाठी लढायचं, हा मालिकेचा प्रश्न गेमच्या रचनेतच उतरलाय. गेम इतर बाबतीत साधारण होता, हेही सांगायला हवं.

तोलाची जोड कशी लावायची?

आता पंचांच्या प्रश्नाकडे. घरी मेहनत करून वाढवलेला योद्धा आणि नवखा खेळाडू समोरासमोर आले तर?

एक उपाय भिंत घालण्याचा. जून २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये ‘वर्ल्ड टूर’ नावाची आख्खी आरपीजी आहे. तो ॲनिमेवरचा गेम नाही, पण या प्रश्नाचं सर्वांत स्वच्छ उत्तर तिथे आहे. तुमचं पात्र शहरात हिंडतं, रस्त्यावर कुणालाही आव्हान देतं, नामांकित लढवय्यांचं शिष्य होतं, लेव्हल वाढवतं. पण क्रमवारीच्या लढतीत हे पात्र येतच नाही. तिथे सगळ्यांना नेहमीची सारखी पात्रं. वाढवलेल्या पात्रांची झुंज लावायची असेल तर तिच्यासाठी वेगळी जागा.

दुसरा उपाय किंमत लावण्याचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘स्पार्किंग झीरो’ आला तो १८२ पात्रं घेऊन, आणि मालिकेत जो बलवान तो गेममध्येही बलवान ठेवला गेला. समतोल मुद्दामच नाही. पण त्यात ‘डीपी’ नावाचा लढतीचा एक प्रकार आहे. संघ निवडायला तुम्हाला १५ गुण मिळतात, आणि तगडं पात्र जास्त गुण खातं. एक राक्षसी ताकदीचा गडी घेतला की उरलेल्या गुणांत लिंबूटिंबूच येतात. उलट पाच मध्यम गडी घेऊन एकेकाने त्या राक्षसाला दमवता येतं. वजनगटाचीच ही वेगळी मांडणी आहे. जोड तोलाची झाली, शिवाय गोकू गोकू राहिला आणि यामचा यामचाच.

मोबाइलवर मात्र बरेचदा उलटं चालतं. ‘डोक्कान बॅटल’ २०१५ चा, ‘लेजंड्स’ २०१८ चा, दोन्ही ड्रॅगन बॉलचेच. इथे पात्रं मिळतात ती ‘गाचा’ पद्धतीने. जपानमध्ये नाणं टाकून दांडा फिरवला की गोळ्यातून एखादं खेळणं बाहेर पडतं, त्या यंत्रावरून हे नाव आलं. जत्रेतल्या चिठ्ठ्यांच्या सोडतीसारखंच. गेममध्ये साठवलेले खडे घालून सोडत काढायची, खडे संपले की पैसे देऊन घ्यायचे. तेच पात्र पुन्हा निघालं की तुमच्याकडचं पात्र आणखी बळकट होतं. म्हणजे जो जास्त वेळा सोडत काढतो त्याचा योद्धा जड. ‘लेजंड्स’मध्ये तर याच योद्ध्यांनी इतर खेळाडूंशी थेट लढायचं असतं. घासण्यात वेळ जायचा, इथे पैसा जातो. घरात एकच फोन असेल आणि त्यावर आईवडिलांचं यूपीआय जोडलेलं असेल, तर हा प्रश्न गेमपुरता राहत नाही. मुलाने गेम मागितला तर लेव्हल कशाने वाढते, हे एकदा विचारा. उत्तर सराव असेल तर ठीक, सोडत असेल तर फोनमधल्या ॲप खरेदीला पासवर्ड लावून टाका.

आणखी एक धोका फारसा बोलला जात नाही. २०१९ चा ‘जंप फोर्स’ आठवतो? गोकू, नारुटो, लुफी सगळे एकत्र आणि सोबत तुम्ही बनवलेला योद्धा. तीनच वर्षांत, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्याची डिजिटल विक्री थांबली आणि त्याच ऑगस्टमध्ये ऑनलाइन सेवा बंद झाली. घरच्या घरी तो चालतो, पण ज्यांना दाखवायला योद्धा सजवला ते लोकच तिथे उरले नाहीत. सर्व्हरवर राहणाऱ्या गेममध्ये घातलेली मेहनत कंपनीच्या मर्जीवर असते.

समजा, लोणारला

हे सगळं नीट उमजायला एक रचना करून बघू. महाराष्ट्रात पुराणकथांच्या जगावर गेम झालेले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला, पण तो फायटिंग गेम नव्हे. आपण काल्पनिकच धरू : लोणारवर एक ॲनिमे मालिका निघाली आणि तिच्यावर फायटिंग गेम करायचा आहे.

जागा तर आयतीच आहे. ॲनिमेत योद्धा जमिनीवर आदळला की खड्डा पडतो, आपल्याकडे उल्केने पाडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खराखुरा खड्डा आहे. काळा बेसाल्ट, खारं पाणी, काठावर जुनी देवळं. जून २०२० मध्ये मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हे पाणी गुलाबी झालं होतं, म्हणजे लढतीची दुसरी पार्श्वभूमीसुद्धा तयार. कथा लवणासुराची. तो तिथे जमिनीखाली लपून लोकांना छळायचा आणि विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात येऊन त्याला संपवलं, असं तिकडे सांगतात. दैत्यसूदनाचं मंदिर लोणार गावात आहे.

आता खेळाडूला कुणाचं पात्र द्यायचं? दैत्यसूदनाचं दिलं तर सैतामाचाच घोटाळा, लढाई सुरू व्हायच्या आत संपली. म्हणून खेळाडू असावा काठावरच्या गावातला एक साधा गडी. स्काउटर लावला तर ५ दाखवेल असा. देव येईपर्यंत त्याने गाव राखायचं. त्याची वाढ लेव्हलच्या आकड्याने मोजण्यापेक्षा त्याला कोण काय शिकवतं यावर ठेवू. तालमीतला वस्ताद ढाक शिकवेल, सातपुड्यातला वाटाड्या लपून वार करायला शिकवेल, आणि डावांना खाचा तीनच. चौथा डाव हवा तर एक सोडा. गावकऱ्यांची मर्जी नारुटोसारखी कमवावी लागेल. ती कमावली तर लढाईच्या वेळी दारं उघडतील, नाही तर बंद. खामगावच्या चांदीचं कडं फक्त मिरवायला, त्याला आकडा चिकटवायचा नाही. झेनोव्हर्सच्या सदऱ्यांचा धडा आपण घेतलेला बरा.

काकारॉटसारखं जेवण हवंच असेल तर शेगावची कचोरी आहे. एकट्याने खेळताना ती खाल्ली की दम वाढेल. क्रमवारीच्या लढतीत दोन्ही बाजूंचा दम सारखा, कचोरी खाल्लेल्याचाही आणि न खाल्लेल्याचाही.